विमानात नवीन इलेक्ट्रिकल मॉड, म्हणजे बदल, करताय? सही ठोकण्याआधी काय काय बघायचं

विमानावर दोन वेगळ्या सह्या होतात हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण ह्या लाईनमध्ये येणारी बरीच पोरं इथेच गोंधळतात. कलिन्याच्या हँगरमध्ये पहाटे काम संपल्यावर बी२ (इलेक्ट्रिकल-एव्हिऑनिक्स) लायसन्सवाला एएमई, म्हणजे मेंटेनन्स इंजिनियर, जी सही करतो ती म्हणते की ड्रॉइंगमध्ये लिहिलंय तसंच काम झालंय, विमान सोडायला हरकत नाही. ती सीएआर-१४५ ची दुनिया, म्हणजे डीजीसीए ह्या आपल्या विमान नियामकाचे मेंटेनन्सचे नियम. आपली, म्हणजे डिझाईन तपासणाऱ्या इंजिनियरची, सही त्याच्या कितीतरी आधी होते आणि ती म्हणते की मुळात ते ड्रॉइंगच बरोबर आहे, म्हणजे हे असंच्या असं बसवलं तर विमान नियमात राहतं. ही सीएआर-२१ ची, म्हणजे डिझाईनच्या नियमांची दुनिया, त्यातला सबपार्ट जे म्हणजे डिझाईन ऑर्गनायझेशन. युरोपच्या पद्धतीत ह्या माणसाला कम्प्लायन्स व्हेरिफिकेशन इंजिनियर म्हणतात, अमेरिकेत डीईआर हा प्रकार आहे, नावं वेगळी पण काम तेच, दुसऱ्याने केलेलं डिझाईन नियमाच्या एकेका कलमाला लावून बघायचं. आणि दुसऱ्याने केलेलंच हां, स्वतः काढलेल्या ड्रॉइंगवर स्वतःच व्हेरिफायर म्हणून सही करता येत नाही, कितीही सीनियर असलात तरी.

डिग्री व्हीजेटीआयची असो नाहीतर एसपीची, इलेक्ट्रिकल असो की इलेक्ट्रॉनिक्स, फार फरक पडत नाही. कॉलेजात ५० हर्ट्झवर घोटून घेतलेलं असतं आणि विमानात ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ एसी आणि २८ व्होल्ट डीसी असते, ४०० का तर ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी हलक्या होतात म्हणून, तेवढं एका आठवड्यात अंगवळणी पडतं. अंगवळणी पडायला वर्षं लागतात ती दुसरीच गोष्ट. नवीन डबा, म्हणजे बसवायचं उपकरण, चालू होतो का हे कोणीही बघतो, कस्टमर बघतो, व्हेंडर तर व्हिडिओ काढून पाठवतो. आपण बघायचं की तो बिघडल्यावर काय होतं आणि पायलटला तो बंद कसा करता येतो. माझ्याकडे फाईल आली की मी पहिलं पान सोडून थेट वायरिंग डायग्राम उघडतो आणि पॉवर कुठल्या बसवरून, म्हणजे वीज वाटणाऱ्या कुठल्या मुख्य लाईनवरून, घेतलीय ते शोधतो. बाकीचं नंतर.

असं का, तर स्विसएअर १११. २ सप्टेंबर १९९८, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं एमडी-११, कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं, २२९ माणसं गेली. कॉकपिटमध्ये वास आल्यापासून साधारण वीस मिनिटांत सगळं संपलं. त्या विमानात मागाहून एसटीसीवर, म्हणजे सप्लिमेंटल टाईप सर्टिफिकेटवर (मूळ डिझाईनमधल्या मोठ्या बदलाची मान्यता), एंटरटेनमेंट सिस्टिम बसवली होती. कॅनडाच्या टीएसबीचा, म्हणजे अपघात तपास मंडळाचा, रिपोर्ट २००३ ला आला, तो ह्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी पूर्ण वाचायलाच हवा. एक आर्क, म्हणजे विजेची ठिणगी उडाल्याची खूण, त्या सिस्टिमच्या पॉवर केबलवर सापडला, आग लावणारी ती एकटीच असं टीएसबीनेही म्हटलेलं नाही, आणि पसरली ती इन्सुलेशन ब्लँकेटच्या कव्हरमुळे. पण आपल्या कामाचा मुद्दा पुढेच आहे. धूर कुठून येतोय कळत नसेल तर एमडी-११ च्या चेकलिस्टवर पहिली पायरी होती केबिन बस स्विच ऑफ करा, म्हणजे केबिनमधलं सगळं फालतू लोड एका झटक्यात बंद. आणि ही नवीन सिस्टिम केबिन बसवर नव्हतीच, ती घेतली होती एसी बस २ वरून, त्यामुळे तो स्विच बंद करूनही ती चालूच राहणार होती. ड्रॉइंगवर ही एक रेघ असते, बस २ ला जोडलेली, सगळं लोड बसतंय, ब्रेकर आहे, दिसायला छान.

म्हणून पहिला नियम असा लिहून ठेवा की ह्या विमानात क्रू आणीबाणीत कुठलं बटण दाबतो ते आधी शोधायचं आणि आपला डबा त्या बटणामागे येतो का ते बघायचं. ए३२० असेल तर पायलटच्या डोक्यावरच्या पॅनलला गॅली अँड कॅब हे बटण आहे, ७३७ एनजी असेल तर कॅब युटिल आणि आयएफई (एंटरटेनमेंट) पॅसेंजर सीट असे दोन स्विच आहेत. एअरलाईनने कुठलं कॉन्फिगरेशन घेतलंय त्यावर त्यामागे काय काय येतं ते बदलतं, तेव्हा दुसऱ्या कुठल्या विमानाचा मॅन्युअल बघून ठरवू नका, त्याच टेल नंबरचा, म्हणजे त्याच एका विमानाचा, वायरिंग डायग्राम मॅन्युअल मागवा. लीजवर आलेल्या विमानांत तर आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलेलं असतं विचारू नका, मॉड स्टेटस लिस्ट वाचल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

आता बदल मेजर की मायनर. कस्टमरला नेहमीच मायनर हवं असतं कारण मायनर स्वस्त आणि लवकर, आणि विचारायची पद्धत पण ठरलेली, सर फक्त एक छोटासा डबा आहे हो, दोन वायरी. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. डब्याच्या साईजवर काही ठरत नाही. वजन, बॅलन्स, स्ट्रक्चर, रिलायबिलिटी, ऑपरेशनल कॅरेक्टरिस्टिक्स, एअरवर्दीनेसवर परिणाम होतो का हे सीएआर-२१ च्या २१.ए.९१ कलमात विचारलंय, त्याची उत्तरं एकेक करून लिहायची. फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, अँटेनासाठी भोक पाडलं की प्रेशराइज्ड स्किन आली, स्ट्रक्चरवाला आला, विजेचा प्रश्न आला, मग डबा काडेपेटीएवढा का असेना. मेजर निघालं आणि टाईप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाच्या मूळ डिझाईनची मान्यता, तुमचं नाही तर एसटीसीचा रस्ता. बाहेरची एसटीसी विकत घेतली असेल तरी ती भारतातल्या विमानावर लावायला डीजीसीएकडून मान्य करून घ्यावी लागते आणि आपल्या विमानाच्या कॉन्फिगरेशनला ती खरंच लागू पडते का हे तपासायचं काम आपल्याच गळ्यात असतं. क्लासिफिकेशनचा कागद दोन ओळीत उरकू नका, ऑडिटर सगळ्यात आधी तोच काढतो.

उदाहरण घेऊन बोलू म्हणजे हवेत राहणार नाही. समजा १८० सीटचं नॅरोबॉडी आहे आणि प्रत्येक सीटला यूएसबी-सी हवंय, ६० वॅटचं, कारण मार्केटिंगवाल्यांना लॅपटॉप चार्ज होतो असं लिहायचंय. १८० गुणिले ६० म्हणजे १०,८०० वॅट. सीटखालच्या सप्लायची एफिशियन्सी ८५ टक्के धरा, झाले साधारण १२,७०० वॅट, पॉवर फॅक्टर ०.९५ धरला तर १३.४ केव्हीएच्या आसपास. तीन फेजवर सारखं वाटलं तर फेजला साधारण ३९ अँपियर. आता नवीन पोरगा म्हणतो सर जनरेटर ९० केव्हीएचा आहे, एक नाही दोन आहेत, प्रॉब्लेम काय. प्रॉब्लेम जनरेटरला नसतोच बहुतेक वेळा. घोडं अडतं ते मधल्या फीडरवर, त्या सब-बसच्या ब्रेकरवर, ज्याच्यावर आधीच गॅलीचे ओव्हन आणि वॉटर हीटर बसलेले असतात. म्हणून इलेक्ट्रिकल लोड ॲनालिसिस करताना वरून खाली नाही, खालून वर जायचं, तुमच्या डब्यापासून निघून प्रत्येक ब्रेकर, प्रत्येक वायर, प्रत्येक कॉन्टॅक्टर, मग बस, मग जनरेटर. आणि हे प्रत्येक फेज ऑफ फ्लाईटसाठी, जमिनीवर एपीयूवर (मदतीचं छोटं इंजिन), टेकऑफ, क्रूझ, लँडिंग, आणि एक जनरेटर गेल्यावर. एक जनरेटर गेला की काय आपोआप शेड होतं, म्हणजे तोडलं जातं, आणि त्यात आपलं लोड आहे का, हे टेबलमध्ये वेगळा कॉलम करून दाखवा, डीजीसीएचा माणूस तिथेच बोट ठेवतो.

आणि फेज बॅलन्स. तीन सीटला एक सप्लाय धरला तर असे ६० सप्लाय, फेजला २०. कागदावर सरळ आहे. पण इन्स्टॉल करताना कोणीतरी सोयीसाठी पुढच्या सगळ्या रांगा ए फेजवर टाकल्या आणि पुढे सगळं भरलेलं, मागे रिकामं, तर बॅलन्स गेला. रांगा एकाआड एक वाटायच्या.

मग कोणीतरी हुशार म्हणतं की सगळे काय एकाच वेळी लॅपटॉप लावणारेत, फोन तर १५-२० वॅटच घेतो, डायव्हर्सिटी फॅक्टर लावू. चालेल, पण मग कशाच्या जोरावर. लिमिटर असेल, म्हणजे एक मास्टर युनिट जे एकूण लोड ठरावीक आकड्याच्या वर जाऊ देत नाही, तर ॲनालिसिसमध्ये लिमिटरचा आकडा धरता येतो. पण तसं केलं त्या क्षणी तो लिमिटर तुमच्या सेफ्टी ॲनालिसिसमध्ये आला. तो बिघडला तर काय, त्यात सॉफ्टवेअर असेल तर डीओ-१७८सी ची, म्हणजे विमानातल्या सॉफ्टवेअरच्या स्टँडर्डची, कुठली लेव्हल. नुसत्या आशेवर, की लोक कमी वापरतील, लोड कमी दाखवायचं नाही.

वायर आणि ब्रेकरकडे येऊ, माझा आवडता विषय, त्यामुळे जरा लांबेल. ब्रेकर वायरला वाचवायला असतो, डब्याला नाही. आपल्याकडे सोसायटीत एसी लावला की एमसीबी ट्रिप होतो आणि वायरमन येऊन वायर तीच ठेवून मोठा एमसीबी टाकून जातो, हेच विमानात केलं तर काय होईल एवढा विचार केला तरी पुरे. अमेरिकेचा विमान नियामक एफएए, त्याच्या एसी ४३.१३-१बी ह्या ॲडव्हायझरी सर्क्युलरमध्ये जुना पण कामाचा तक्ता आहे, २२ गेजला (गेजचा आकडा मोठा तेवढी वायर बारीक) ५ अँपियरचा ब्रेकर, २० ला साडेसात, १८ ला १०, १६ ला १५. हा सुरुवातीचा अंदाज, शेवटचा शब्द नाही. बंडलमध्ये किती वायरी एकत्र आहेत, त्यातल्या किती भरलेल्या आहेत, किती उंचीवर आहेत, ह्याप्रमाणे करंट कमी करावा लागतो, कारण उंचीवर हवा विरळ असते आणि वायर थंड करायला हवाच नसते. ब्रेकर बसच्या जवळ पाहिजे. एका ड्रॉइंगमध्ये मी ब्रेकर डब्याच्या शेजारी पाहिलाय आणि बसपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी, संरक्षणाशिवाय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गेज ठरवताना करंटसोबत व्होल्टेज ड्रॉप बघा, इथे २८ व्होल्टवाले बरेचदा फसतात. २८ व्होल्टच्या सिस्टिमला कंटिन्युअस लोडवर १ व्होल्टपर्यंत ड्रॉप चालतो, ११५ ला ४ व्होल्ट. समजा डबा ३ अँपियर घेतो आणि बसपासून ४० फुटांवर, मागे कुठेतरी. २२ गेजचा रेझिस्टन्स हजार फुटाला साधारण १६ ओहम, ४० फुटांत ३ अँपियरला झाले १.९ व्होल्ट, नापास. २० गेज हजार फुटाला १० ओहम, १.२ व्होल्ट, तरी नापास. १८ गेज सव्वासहा ओहमच्या आसपास, पाऊण व्होल्ट, पास. करंटच्या हिशोबाने २२ आरामात पुरली असती बघा. आणि हे सगळं करंट विमानाच्या बॉडीतून परत येतो असं धरून. बॉडी काँपोझिट असेल किंवा रिटर्नची वायर वेगळी ओढली असेल तर लांबी डबल धरायची, हे विसरलेली फाईल माझ्या टेबलावर येतेच येते.

आता व्हेंडरचा क्वालिफिकेशन रिपोर्ट. डीओ-१६० हे विमानातल्या उपकरणांच्या टेस्टचं स्टँडर्ड, त्याचा जी व्हर्जन २०१० चा आहे, त्यात एकेका टेस्टचं एक सेक्शन, आणि डब्याच्या नेमप्लेटवर किंवा रिपोर्टच्या पुढच्या पानावर अक्षरांची एक लांबलचक माळ असते. नवीन माणूस ती बघून म्हणतो वा, सगळ्या टेस्ट झाल्यात. नीट बघा, जिथे जिथे एक्स आहे तिथे टेस्ट केलेलीच नाही, एक्सचा अर्थच तो. मग प्रत्येक एक्सला विचारायचं, आपल्याला चालेल का. केबिनमधल्या डब्याला सेक्शन १४ म्हणजे सॉल्ट फॉगला एक्स असेल तर ठीक आहे. तोच डबा जुहूवरून बॉम्बे हायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या उघड्या कप्प्यात टाकायचा असेल तर अजिबात चालणार नाही, ते मशीन दिवसभर खाऱ्या हवेतच असतं. सेक्शन १६ म्हणजे पॉवर इनपुट, ह्यात कुठली कॅटेगरी आहे ते तुमच्या विमानाच्या सप्लायशी जुळवा, नाहीतर जनरेटर बदलतानाच्या छोट्या गॅपमध्ये डबा रीबूट होत बसतो. सेक्शन १५ मॅग्नेटिक इफेक्ट, लोक ह्याला हसतात, आणि मग स्टँडबाय कंपासजवळ काहीतरी स्पीकर-मोटरवालं ठेवून देतात. सेक्शन २० आणि २१ म्हणजे रेडिओचा त्रास सोसणं आणि रेडिओचा त्रास देणं. रिपोर्टमध्ये केबलची लांबी, शील्ड कसं बांधलं, पार्ट नंबर कुठला ते बघा, बरेचदा टेस्ट झालेला पार्ट नंबर आणि तुम्हाला मिळणारा पार्ट नंबर ह्यात शेवटच्या डॅशचा फरक असतो. तो डॅश काय आहे ते लेखी मागा. फोनवर सेम आहे सर ह्याला किंमत शून्य.

आणि डब्यात बॅटरी आहे का हे एकदा सरळ विचारा. घड्याळापुरती छोटी का होईना. लिथियम असेल तर त्याचं वेगळंच प्रकरण आहे, रिचार्जेबलला डीओ-३११ हे स्टँडर्ड आणि नॉन-रिचार्जेबलला डीओ-२२७. १२ जुलै २०१३ ला हीथ्रोवर उभ्या असलेल्या, आत कोणीही नसलेल्या इथिओपियनच्या ७८७ ला मागच्या बाजूला आग लागली होती, ती ईएलटीच्या (अपघातात ठिकाण कळवणारा ट्रान्समीटर) लिथियम बॅटरीमुळे, कव्हरखाली बॅटरीच्या वायरी चेपल्या गेल्या होत्या. पार्क केलेलं विमान, जवळजवळ सगळं बंद, तरी.

टेबलावरचं इथे संपतं, आता विमानावर जा. खरंच जा. उंटावरून शेळ्या हाकणारे डिझायनर भरपूर आहेत, थ्रीडी मॉडेलमध्ये रूट टाकला की झालं. मुंबईत विमान दिवसा मिळत नाही, रात्री एक-दीडला बे वर, म्हणजे पार्किंगच्या जागी, येतं आणि पहाटे निघायचं असतं, तेवढ्यात पॅनल उघडून बघायचं, फोटो काढायचे आणि पुन्हा बंद करायचं. टॉर्च, आरसा, टेप, आणि हँगरमधला एखादा जुना टेक्निशियन सोबत घ्या. ते काका तीस वर्षं त्याच विमानांखाली घालवलेले असतात, ते सांगतात की साहेब इथून नका नेऊ, इथे वरच्या गॅलीचं पाणी गळतं. कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं हे. मी तर सरळ विचारतो, काका तुम्ही कुठून न्याल, आणि मग का ते विचारतो.

काय बघायचं. कंट्रोल केबलपासून किमान ३ इंच. फ्युएल, हायड्रॉलिक, ऑक्सिजनच्या पाइपपासून ६ इंच ठेवायचा प्रयत्न, कमी करावं लागलं तर क्लॅम्प लावून पक्कं करून, आणि वायर पाइपच्या वर, खाली कधीच नाही, म्हणजे गळलं तर वायरवर पडायला नको. क्लॅम्पमधलं अंतर २४ इंचांच्या आत. दोन क्लॅम्पमध्ये हाताने दाबलं तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको. वाकवताना बंडलमधल्या सगळ्यात जाड वायरच्या दहापट रेडियस. कनेक्टर खाली येत असेल तर त्याच्या आधी ड्रिप लूप, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न जाता लूपच्या तळाशी गळून पडेल. जून ते सप्टेंबर दरवाजे उघडे टाकून सामान चढवतात इथे, दारांजवळचं आणि गॅलीखालचं वायरिंग बघा म्हणजे ड्रिप लूप का ते कळेल.

आणि जुन्या बंडलला नवीन वायर बांधायची वेळ आली तर थांबा, त्या बंडलमध्ये काय आहे ते आधी शोधा. टीडब्ल्यूए ८००, १७ जुलै १९९६, न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं ७४७, २३० माणसं. सेंटर टँकमधली वाफ पेटली. एनटीएसबीला, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाला, ठिणगी कुठून आली ते शंभर टक्के ठरवता आलं नाही, पण सगळ्यात शक्य कारण म्हणून त्यांनी दिलं ते टँकच्या बाहेरचं शॉर्टसर्किट, ज्यातून जास्त व्होल्टेज फ्युएल क्वांटिटीच्या वायरिंगवरून आत गेलं. ती वायरिंग बिचारी सिग्नलची, तिच्यात कधीच एवढी एनर्जी नसते. तिला शेजार चुकीचा मिळाला की झालं. फ्युएल क्वांटिटीची वायर दिसली की तुमची पॉवर वायर दुसऱ्या रस्त्याने. अशा सगळ्या अनुभवांवरून एफएएने २००७ मध्ये पार्ट २५ ला, म्हणजे मोठ्या विमानांच्या डिझाईन नियमांना, सबपार्ट एच जोडला, २५.१७०१ पासून पुढे, वायरिंगला स्वतंत्र सिस्टिम मानणारा, आम्ही सगळे त्याला ईविस म्हणतो. १७०७ सेपरेशन, १७०९ सेफ्टी, १७११ ओळखीच्या खुणा. तुमच्या विमानाच्या सर्टिफिकेशन बेसिसमध्ये, म्हणजे त्याला लागू असलेल्या नियमांत, तो येतो की नाही ते टाईप सर्टिफिकेट डेटा शीट बघून ठरवा, पण येत नसला तरी मी तसंच डिझाईन करायला लावतो, वायरला बेसिस कळत नाही.

सेफ्टी ॲनालिसिसबद्दल थोडक्यात. २५.१३०९ म्हणजे बिघाडांचं कलम, कॅटास्ट्रॉफिक बिघाडाची शक्यता फ्लाईट अवरमागे १० चा उणे नववा घात, हॅझार्डसला उणे सातवा, मेजरला उणे पाचवा, हे सगळ्यांना पाठ असतं. यूएसबी बंद पडलं तर सेफ्टीवर परिणाम शून्य, एका ओळीत संपतं. न संपणारा भाग वेगळा आहे, त्याच्या वायरने शेजारच्याला जाळलं तर काय, त्याच्या धुराचं काय, तो कुठल्या दुसऱ्या सिस्टिमची कूलिंग हवा चोरतोय का. आकडेमोड करायच्या आधी हे लिहा. फॉल्ट ट्री नंतर.

बाँडिंग, म्हणजे डबा विमानाच्या धातूच्या बॉडीला विजेसाठी पक्का जोडणं. डब्यापासून स्ट्रक्चरपर्यंत २.५ मिलिओहम हा आकडा बऱ्याच स्पेकमध्ये दिसतो, तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये काय आहे तो घ्या. साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, चार वायरवाला बाँडिंग मीटर लागतो आणि त्याचं कॅलिब्रेशन चालू पाहिजे. प्राईमर घासून ॲल्युमिनियम उघडं केलं की लगेच बोल्ट आवळायचा आणि वरून सील करायचं, आपल्या हवेत ते उघडं ठेवून चहाला जाऊ नये.

ग्राउंड टेस्टला सोर्स आणि व्हिक्टिमचं टेबल करा. एका बाजूला तुमचं नवीन सामान प्रत्येक मोडमध्ये, दुसऱ्या बाजूला विमानाचं सगळं, व्हीएचएफ रेडिओ, नेव्हिगेशनचे आयएलएस आणि व्हीओआर, रेडिओ अल्टिमीटर, फ्युएल क्वांटिटी, कंपास, स्मोक डिटेक्टर. व्हीएचएफचे चॅनल नुसते तीन-चार बघून सोडू नका, तुमच्या डब्याच्या क्लॉक आणि स्विचिंग फ्रिक्वेन्सीचे हार्मोनिक काढा आणि जिथे पडतात तिथे मुद्दाम ट्यून करा. सीटचे सगळे पोर्ट डमी लोडने भरा, रिकाम्या पोर्टवर केलेली टेस्ट म्हणजे टेस्ट नाही. टर्मिनलजवळच्या बे वर आजूबाजूला इतका रेडिओ गोंगाट असतो की खरखर तुमची की शेजारच्याची कळत नाही, म्हणून आधी सामान बंद ठेवून बेसलाईन घ्या, मग चालू, मग परत बंद. ग्राउंड पॉवरवर झालं की एपीयूवर पण करा, आणि जमलं तर इंजिन जनरेटरवर, सप्लायचा स्वभाव तिन्हीकडे वेगळा असतो. शेवटी तो पहिलाच प्रश्न प्रत्यक्षात, क्रूचं बटण दाबा आणि शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन बघा की सगळे दिवे गेले का. चालत जा, पॅनलवर विश्वास ठेवू नका.

कागदांत दोन गोष्टी पोरं कायम शेवटी ढकलतात. एक म्हणजे कॉन्टिन्यूड एअरवर्दीनेसच्या सूचना, आयसीए, आपण बसवलेलं पुढची पंधरा-वीस वर्षं कोणीतरी तपासणार आहे, कधी, काय बघून, कुठलं पॅनल उघडून, हे आपणच लिहून द्यायचं. पीरिऑडिकली इन्स्पेक्ट असं लिहिलेलं मी परत पाठवतो, किती तासांनी किंवा किती महिन्यांनी ते लिहा. दुसरं म्हणजे फ्लाईट मॅन्युअल सप्लिमेंट, क्रूला नवीन बटण दिलं असेल तर त्याची ओळ तिथे पाहिजेच.

डीजीसीएच्या एअरक्राफ्ट इंजिनियरिंग डायरेक्टोरेटशी बोलायचं ते सुरुवातीलाच, सर्टिफिकेशन प्लॅन घेऊन, कुठलं कलम, कुठल्या पद्धतीने दाखवणार, ॲनालिसिस की टेस्ट की इन्स्पेक्शन, कुठल्या डॉक्युमेंटमध्ये. दिल्लीला शेवटी गठ्ठा घेऊन जाणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात आणि मग म्हणतात ऑथॉरिटी अडवते. प्लॅन मान्य झाला की अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

आणि प्रेशर येणारच. विमान एक दिवस जमिनीवर म्हणजे किती पैसे हे तुम्हाला फोनवर ऐकवलं जातं, कमर्शियलवाले, कधी कस्टमरचे मोठे साहेब. आवाज चढवायची गरज नाही. मी एवढंच म्हणतो, साहेब अमुक कलमाचा पुरावा अजून नाहीये, तो मेलवर पाठवा, आला की तासाभरात बघतो. तोंडी हो द्यायचं नाही आणि तोंडी नाही पण द्यायचं नाही, जे काय ते कलम नंबर टाकून लेखी. नव्वद टक्के वेळा फोन करणाऱ्याला कलम नंबर मिळाला की तो स्वतःच्या टीमच्या मागे लागतो.

रात्री अडीचला हँगरमधून फोन येईल की सर ड्रॉइंगमध्ये जिथे क्लॅम्प दाखवलाय तिथे एक ब्रॅकेट आहे, दोन इंच पुढे लावू का. हे अगदी रोजचं आहे. हो लावा असं फोनवर म्हणू नका, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. फोटो मागवा ज्यात टेप धरलेली दिसतेय, त्या दोन इंचांनी आधीच्या क्लॅम्पपासून अंतर किती झालं आणि वायर कशाला घासतेय का ते बघा, कन्सेशन (ड्रॉइंगपासून फरकाची लेखी परवानगी) किंवा ड्रॉइंग चेंज उघडा, डिझायनरला उठवून त्याच्याकडून बदल करून घ्या, आणि मग व्हेरिफायर म्हणून तुम्ही सही करा. सगळी टीम तयार असेल तर तासाभराचं काम आहे. एएमईला नवीन रिव्हिजनचा कागद हातात मिळाला की मगच तो क्लॅम्प आवळेल, आणि चांगला एएमई असेल तर तोपर्यंत तो तुमच्यासाठी थांबतोच.